वाट कुणी कुणाला द्यायची

शिडाच्या होडीत बसलेल्या माणसाला एक समाधान आयतं मिळतं. तेल जळत नाही, धूर नाही, आवाज नाही. वारा कुणाच्या मालकीचा नाही आणि होडी पुढे गेली की पाण्यावर खूणही राहत नाही. आपण कुणाचं काही न घेता फिरतो आहोत, ही भावना तिथे मनात शिरते आणि मुक्काम ठोकते. दाभोळच्या खाडीत एक दिवस शिडावर काढला, तेव्हापासून मी या समाधानाची उलटतपासणी करतो आहे. ते खोटं आहे असं म्हणायला मन तयार होत नाही, आणि ते खरं आहे असं म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही.

दाभोळची खाडी म्हणजे वाशिष्ठीचं मुख. सह्याद्रीतून उतरलेली ही नदी चिपळूणवरून पुढे येते, खेडकडच्या जगबुडीला पोटात घेते आणि दाभोळला अरबी समुद्राला मिळते. भरतीचं पाणी उलट दिशेने पार चिपळूणपर्यंत चढतं. म्हणूनच समुद्रापासून इतक्या आत असलेलं गोवळकोट एके काळी बंदर होतं. मालाचे पडाव आणि मचवे भरतीवर वर जात आणि ओहोटीवर खाली येत. मुखाशी असलेलं दाभोळ तर त्याहून कितीतरी मोठं. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथूनच होर्मुझकडे जाणाऱ्या जहाजात बसला, आणि १५०८च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हेच शहर जाळलं. २०१६च्या कायद्याने देशात एकूण १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यात ही खाडी क्रमांक २८ : दाभोळपासून पेढे इथल्या पुलापर्यंत ४५ किलोमीटर.

आम्ही गेलो तो दिवस मार्गशीर्षातल्या षष्ठीचा होता. किनाऱ्यावरच्या माणसांना भरतीसाठी तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे दुपारी साडेचारला भरती पूर्ण, आणि त्याआधी सहा तास पाणी चढत राहणार. षष्ठीची भरती भांगाकडे झुकलेली, उधाणासारखी जोरकस नव्हे. होडी मित्राची, फायबरची, एका डोलकाठीची. एक मोठं शीड आणि पुढे एक लहान. मागे अडीअडचणीला छोटं इंजिन. बरोबर खाडी पाठ असलेले एक म्हातारे खलाशी होते, त्यांना आम्ही काका म्हणत होतो. सुकाणू त्यांच्याकडे, मोठं शीड मित्राकडे, पुढच्या शिडाचा दोर माझ्या हातात.

सकाळी मतलई वाहत होती. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा हा वारा थंडीच्या दिवसांत पहाटे चांगला जोर धरतो. मुखातून बाहेर पडणाऱ्या होड्यांना तो सोयीचा, आत जाणाऱ्यांच्या तोंडावर. दहाच्या पुढे तो पडला. मग वारा नावालाही नाही. पाणी हळूहळू आत सरकत होतं आणि आम्ही त्याच्याबरोबर पानासारखे सरकत होतो. दाभोळ आणि धोपावे यांच्यामधली फेरीबोट गाड्या भरून दोन्हीकडे ये-जा करत होती. मुखाशी, पलीकडच्या किनाऱ्यावर, अंजनवेलच्या बाजूला तो वीजप्रकल्प, जो दाभोळच्या नावाने जगभर गाजला आणि दाभोळात नाही.

समुद्राकडून वारा सुटायला बारा वाजून गेले. या दोन तासांत मी फार सुखात होतो, हे मला नोंदवलं पाहिजे. कुठे पोचायचं नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही. मी काकांना म्हणालो, पूर्वी सगळे असेच जात असतील ना, काय शांत आयुष्य असेल. काकांनी थोडा वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "वारा पडला की घरात चूल पेटायची पंचाईत. आमच्याकडे इंजिन बसलं तेव्हा वडिलांनी सत्यनारायण घातला होता."

हे वाक्य मला त्या दिवशीपेक्षा नंतर जास्त लागलं. माझ्या लेखी शीड म्हणजे मोकळीक. त्यांच्या वडिलांच्या लेखी ती अडकलेली रात्र होती. वारा नसेल तर वल्हं, वल्ह्याने हात सोलले तर तसेच, आणि मासळी बाजारात पोचेपर्यंत नासलेली. ज्या गोष्टीतून सुटका झाली म्हणून एका घराने पूजा घातली, त्याच गोष्टीकडे मी सुट्टी काढून, पैसे खर्चून परत जातो. यात पाप नाही. पण मी शिडाला जो पवित्रपणा चिकटवला होता तो शिडाचा नव्हता, माझ्या सवडीचा होता. वारा नाही आला तर मागे इंजिन होतं, किनाऱ्यावर गाडी होती, सोमवारी पगाराची नोकरी होती. एवढं सगळं पाठीशी असताना वाट पाहणं सोपं असतं, आणि मी त्याला संयम म्हणत होतो.

वारा आला तो वायव्येकडून, खारा. शिडं एकदम भरली आणि होडी कलली. भरती आणि वारा दोन्ही एकाच दिशेला, वर, चिपळूणकडे. खाडीतून आत जाण्याचा हा खरा आनंद आहे आणि तो मी कशासाठीही कमी करून सांगणार नाही. दोन्हीकडे तिवरांची हिरवी भिंत, तिच्यामागे लाल माती, माड, एखादी कौलारू वाडी, एखाद्या वाडीची मशीद किंवा देवळाचा कळस. किनारे जवळ आले की वारा डोंगराआडून गिरक्या घेत येतो, मग दोर हातात धरून सारखं शिडाकडे बघावं लागतं. चिखलाच्या काठावर बगळे होते, डोक्यावरून ब्राह्मणी घारी जात होत्या. वरच्या भागात मगरी आहेत. त्या बघायला आता मालदोलीच्या बाजूला पर्यटक येतात. आम्हाला एक दिसली, उन्हात पडलेली, चिखलाच्याच रंगाची. मित्राने दाखवेपर्यंत मला ती लाकडाचा ओंडका वाटत होती.

मी हात पाण्यात घातला. पाणी जिभेला लावून पाहिलं, आणि मुखापेक्षा ते कमी खारट लागलं. तिथून माझा हिशोब सुरू झाला, आणि अजून मिटलेला नाही.

कोकणातल्या नद्या पावसाळ्यानंतर आटतात. वाशिष्ठीत मात्र उन्हाळ्यातही गोडं पाणी वाहतं, कारण ते सगळं तिचं नाही. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागराला जायचं. साठच्या दशकात कोयनेवर धरण झालं, आणि साठवलेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला आणून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडण्यात आलं. वीज करून झालेलं पाणी वाशिष्ठीत येतं. पुढे टप्पे वाढत गेले आणि प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅटपर्यंत पोचली. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. म्हणजे माझ्या हाताला लागलेल्या पाण्यातला काही भाग पूर्व समुद्रासाठी निघालेला होता.

त्या विजेवर आमच्या घरचे दिवे लागले. मी ज्या दिव्याखाली अभ्यास केला, ज्या गिरण्या-कारखान्यांमुळे माझ्या आधीच्या पिढीला शहरात पगार मिळाला, त्यात कोयनेचा वाटा आहे. आणि शिवसागर जलाशयाखाली गावं आहेत. ती उठवली गेली, माणसं लांबलांबच्या जिल्ह्यांत विखुरली. त्यांच्या नातवंडांना अजूनही जमिनीच्या आणि सुविधांच्या मागणीसाठी आंदोलनाला बसावं लागतं. महाराष्ट्राला उजेड देणारी नदी म्हणून कोयनेचं कौतुक मी शाळेत शिकलो. कुणाच्या शेतावर ते पाणी चढलं, हे मी कधी विचारलं नाही. शाळेत शिकवलं नव्हतं, हे उत्तर दहा वर्षांच्या मुलाला शोभतं. मी आता दहा वर्षांचा नाही.

आणि हिशोब एवढ्यावर थांबत नाही. खाडीच्या उत्तरेला, मुंबई-गोवा महामार्गाला लागून, लोटे परशुरामची औद्योगिक वसाहत आहे, प्रामुख्याने रासायनिक कारखान्यांची. तिथलं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून खाडीत सोडलं जातं. खाडीतले मच्छीमार, विशेषतः आतल्या भागातला भोई समाज, गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत की मासे मरतात, मासे कमी झाले, काही जाती दिसेनाशा झाल्या. मोर्चे झाले, निवेदनं झाली. मेलेल्या माशांच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात.

अशी बातमी वाचली की मी 'ते' म्हणतो. ते कारखानदार, ते अधिकारी. त्या दिवशी मी होडीकडे पाहिलं. शीड पॉलिएस्टरचं, होडी रेझिनची, तळाचा रंग रसायनाचा, दोर नायलॉनचा. पिशवीत माझी रक्तदाबाची गोळी. यातलं काहीच लोट्यात बनलेलं नसेल. पण कुठल्यातरी वसाहतीत बनलं आहे, आणि त्या वसाहतीचं पाणी कुठल्यातरी नदीत गेलं आहे. वाऱ्यावर चालतो म्हणून मी कुणाचं काही घेत नाही, हे माझं समाधान पहिल्या झटक्यात गेलं ते इथे.

कुणी म्हणेल, भोयांचं जाळंही नायलॉनचंच असतं. खरं आहे. मीही स्वतःला हे सांगून पाहिलं, आणि थोडा वेळ बरं वाटलं. मग लक्षात आलं की नायलॉन दोघांच्या वाट्याला आलं आहे, घाण पाणी एकाच्याच. माझी नदी मेली तर माझं जेवण चुकत नाही.

पण आणखी एका गोष्टीबद्दल मला स्वतःला जपून तपासायचं आहे. हा असा हिशोब मांडत बसणं मला आवडू लागलं होतं. गोळी, दोर, दिवा, धरण : प्रत्येक वस्तूच्या मागे जायचं, तिच्यातला आपला वाटा शोधायचा आणि जड मनाने किनाऱ्याकडे बघत राहायचं. त्यात आपण संवेदनशील असल्याचा एक सुप्त आनंद असतो. मला अपराधी वाटल्याने खाडीत एकही मासा वाढत नाही. आणि सगळ्यांचाच थोडा थोडा दोष आहे असं म्हटलं की ज्यांच्यावर कायद्याने जबाबदारी आहे तेही त्या गर्दीत लपतात. प्रक्रिया न करता पाणी सोडणं हा गुन्हा आहे. रक्तदाबाची गोळी घेणं हा नाही. या दोन गोष्टी एका तराजूत घालणं हे सदसद्विवेकाचं काम नव्हे, तो विवेकाचा आळस आहे.

मग माझ्या वाट्याचं काय? त्याचं उत्तर मला खाडीतच मिळालं, आणि ते काकांच्या हाताने मिळालं.

तीनच्या सुमारास आम्ही चांगल्या वेगात होतो. पुढे एका लहान होडीत एक जोडपं होतं. नवरा वाकून जाळं सोडत होता, बाई वल्ह्याने होडी धरून होती. जाळ्याची तरंगती बोयरी ओळीने पाण्यावर, खाडीच्या मध्यापर्यंत. वारा नेमका त्या बाजूने उत्तम होता. काकांनी कुणाला न विचारता सुकाणू वळवलं. शिडं फडफडली, वेग गेला, आम्ही वारा सोडून लांबून त्यांच्या मागून गेलो. त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते लिहितो : मला चीड आली. इतका वेळ वाट पाहून मिळालेला वारा, आणि तो त्यांनी अडवला, असं वाटलं. काही सेकंदांचीच भावना होती, पण ती अगदी आतून आली. कुणाचं काही घेत नाही म्हणणारा माणूस तो, आणि त्याला वारा आपला वाटला, पाण्याची मधली वाट आपली वाटली.

बाईंनी आमच्याकडे पाहून मान हलवली. काकांनी हात वर केला. काय मिळतंय, असं त्यांनी ओरडून विचारलं. नवऱ्याने नुसता पंजा उलटा करून दाखवला.

नंतर मित्राने सांगितलं की काकांनी केलं तो नुसता चांगुलपणा नव्हता, नियमही तसाच आहे. जहाजांची टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत वाट देण्याचा क्रम ठरलेला आहे. इंजिनाच्या बोटीने शिडाच्या बोटीला वाट द्यायची, आणि शिडाच्या बोटीने जाळं टाकून मासेमारीत गुंतलेल्या बोटीला. ज्याला पटकन वळता येत नाही, त्याला आधी वाट. मला हा क्रम फार न्याय्य वाटला. मौजेसाठी निघालेला माणूस वळू शकतो. ज्याची भाकरी पाण्यात सोडलेली आहे तो वळू शकत नाही.

त्याच नियमांत दुसरंही एक कलम आहे. अरुंद जलमार्गात मासेमारी करणाऱ्या बोटीने तिथून जाणाऱ्या इतर जहाजांची वाट अडवायची नाही. मोठ्या जहाजांच्या सुरक्षेसाठी ते गरजेचं आहे, त्यात वाद नाही. पण या दोन कलमांच्या मधल्या फटीत मला या खाडीचं भवितव्य दिसतं. उघड्या पाण्यात ज्याला आधी वाट मिळते, तोच माणूस, पाण्याला ठरलेला मार्ग मानलं की, वाटेतला अडथळा होतो. त्याने काही बदललं नाही. त्याचं जाळं तिथेच आहे, त्याचे वाडवडील तिथेच जाळं टाकत होते.

२०१६चा कायदा नौवहनासाठी आहे. जलमार्ग व्हावेत, रस्त्यावरचे ट्रक कमी व्हावेत, हे मलाही हवं आहे. माणसांनी खाडी पाहायला यावं, त्यातून इथल्या पोरांना कामं मिळावीत, हेही हवं. माल वाहणारे, मगरी पाहणारे, माझ्यासारखे शिडावर हिंडणारे असे आम्ही सगळे हळूहळू येत राहणार. प्रत्येकाला खाडीची मधली वाट लागणार, आणि प्रत्येकाला आपलं येणं निरुपद्रवी वाटणार, जसं मला वाटलं. त्या गर्दीत उलटा पंजा दाखवणाऱ्या माणसाला वाट कोण देणार, हे कायद्याच्या आधी आमच्या मनात ठरतं. माझ्या मनात ते काय ठरलं होतं, हे मी त्या काही सेकंदांत पाहिलं आहे.

आम्ही मालदोलीच्या अलीकडे नांगर टाकला. साडेचारला पाणी खरोखरच थांबलं, तिथीने सांगितलं होतं तसं. २२ जुलै २०२१च्या पुराची गोष्ट निघाली, चिपळूण पाण्याखाली गेलं तो दिवस. त्यानंतर नदीतला गाळ काढला गेला. काकांचं म्हणणं, गाळ काढला ते बरं झालं, पण पाण्याचं काय ते कुणी विचारत नाही. मग ओहोटी लागली आणि अंधार पडायच्या आत परतायचं म्हणून आम्ही इंजिन सुरू केलं. वारा तोंडावर होता. शिडाने ते अंतर कापायला रात्र झाली असती.

मी शिडावर जाणं सोडणार नाही. त्या आनंदात खोट नाही, खोट होती ती त्याला निष्पापपणाचं प्रमाणपत्र मानण्यात. माझ्या वाट्याला जे येतं ते तीन गोष्टींत बसतं. जाळं दिसलं की मी वळेन आणि वळताना चिडणार नाही. यातलं न चिडणं वळण्यापेक्षा अवघड आहे, म्हणून वेगळं लिहिलं. खाडीबद्दल बोलताना आणि लिहिताना माड आणि मगरींच्या आधी मासेमारीचं सांगेन. आणि खाडीच्या पाण्याची तक्रार ही 'त्यांची' तक्रार आहे असं मानणार नाही.

ही तिसरी गोष्ट मी तुमच्याकडेही मागतो. दाभोळला, किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही खाडीत फिरायला जाल तेव्हा मासे मिळतात का, हे तिथे जाळं टाकणाऱ्याला विचारा. मेलेले मासे तरंगताना दिसले, पाण्याचा रंग किंवा वास बदललेला वाटला, तर फोटो काढा, तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे स्वतःच्या नावाने लेखी तक्रार करा. अशा तक्रारींखाली सह्या एकट्या मच्छीमारांच्याच राहू नयेत.